वाढत्या अंगाचं माप

४ जानेवारी

व्याहीबुवांस नमस्कार. विहीणबाईंना जरा जास्त नमस्कार.

दोन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. फोन करणार नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, शिवाय माझ्या डाव्या कानाला आता शिलाई मशिनशिवाय कशाचाच आवाज ओळखू येत नाही. कागदावर दोघांना सारखी जागा मिळते.

विषय आपल्या नातीचा आहे. आपल्या म्हणतो, कारण तिला तुमच्या मुलीने जन्म दिला हे मला नाकारता येत नाही. भिंगरी आता पंधरा वर्षांची झाली. तिचे आईबाप नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेले त्या दिवसापासून ती माझ्याकडे आहे, आणि त्याच दिवशी तुम्ही मला फोनवर विचारलं होतंत की पोरगी काय दुकानातल्या चिंध्यांत वाढवणार का. मी काय उत्तर दिलं तेही तुमच्या लक्षात असेल. तो विषय मी काढत नाही.

इथे वस्तीबाहेर एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिच्यात मातीवर मोटरसायकली चालवायचं मैदान केलं आहे. दर रविवारी एक मास्तर पोरांना शिकवतो. भिंगरी भाड्याच्या गाडीवर चार रविवार गेली. पाचव्या आठवड्यात मास्तर माझ्या दुकानात आला. मला वाटलं, पँटला चेन लावायला आला असेल. तो म्हणाला, तुमच्या नातीचा तोल जन्मजात आहे, पण पुढच्या वर्गाला स्वतःची गाडी लागते, मार्चअखेर नाव घालायचं. मी म्हटलं, बघू.

भिंगरीने ते आतून ऐकलं. जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "नानांच्या गॅरेजात गाड्याच गाड्या आहेत. पुढच्या वर्षी मी तिकडच्या शाळेत गेले तर?"

हे तिच्या डोक्यात कुणी घातलं ते मी विचारत नाही. तुम्ही तिला फोन करता हे मला ठाऊक आहे. घरात आता ती आणि मी दोघंच आहोत. ती गेली तर मी कुणासाठी कुकर लावायचा, हे तुम्हाला कळणार नाही, तुमच्याकडे माणसं भरपूर आहेत.

तेव्हा गाडी मीच घेऊन देणार आहे. जुनी. काजाचं मशिन विकलं, त्याचे चाळीस हजार आले. त्यात गाडी, हेल्मेट आणि बूट बसवायचे आहेत. मला गाडीतलं काही कळत नाही, आणि ज्याला कळतं असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे, हे माझं नशीब. जुनी गाडी घेताना काय बघायचं तेवढं लिहून पाठवा. त्याच्या पलीकडे एक अक्षर नको. भिंगरीला यातलं काही सांगू नका.

तुमचा व्याही, नाइलाजाने.

११ जानेवारी

टेलरबुवा,

तुमचं पत्र मी गॅरेजात मोठ्याने वाचून दाखवलं नाही, हे उपकार समजा.

काय बघायचं ते खाली लिहितो. हे वाचून तुम्ही गाडी पारखू शकाल असं तुम्हाला वाटत असेल तर मी उद्यापासून सूट शिवायला घेतो.

गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गार पाहिजे. विकणारा लबाड असला की गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, कारण गार इंजिन किती लाथा मारल्यावर उठतं ते त्याला दाखवायचं नसतं. फ्रेमवर ताजा रंग दिसला की नख ओढा, खाली जोड निघेल. चेनच्या चक्राचे दात बघा. बोथट असले तर चालेल, काट्यासारखे टोकदार झाले असले तर चक्र संपलं. पुढचं चाक उचलून डावीकडे उजवीकडे हलवा, खडखडलं तर चालू लागा. फ्रेमवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर तुमच्या चष्म्यातून तरी सारखाच दिसला पाहिजे. आणि जो म्हणेल की गाडी फक्त रविवारीच चालवली, त्याला विचारा, कुठल्या सालापासूनचे रविवार.

चाळीस हजारांत हे सगळं बसत नाही. बसवायला अक्कल लागते, ती विकत मिळत नाही. सरळ पोरीला इकडे पाठवा. माझ्याकडे गाडी आहे, जागा आहे, शाळा चार पावलांवर आहे. तुमचं काजाचं मशिन परत विकत आणा आणि काजं करत बसा.

आणि ते चिंध्यांचं मी म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात तेही ऐका. तुमच्या ग्रीसपेक्षा आमच्या चिंध्या बऱ्या, असं म्हणाला होतात. त्याच ग्रीसवर तुमच्या सुनेचं शिक्षण झालं.

नाना गॅरेजवाले

२० जानेवारी

व्याहीबुवा,

तीन गाड्या बघितल्या. तुम्हाला हसायला कारण देतो आहे हे कळतं, पण लिहायचं ठरवलं तर खरं लिहावं.

पहिली एका फरशीच्या दुकानामागे होती. विकणारा पोरगा केसांना चोपून काहीतरी लावलेला, मला काका काका करत होता. मी बोट ओलं करून इंजिनाला लावलं, इस्त्री बघतो तसं. चर्र झालं. तो म्हणाला, उन्हाने तापलंय. आम्ही छपराखाली उभे होतो. मी निघालो तर मागून म्हणाला, "काका, तुम्ही सायकल घ्या."

दुसरी एका बाईंच्या मुलाची. गाडी लग्नातल्या नवरीसारखी रंगवलेली. मी नख ओढलं. रंग नखात आला आणि खाली जाड शिवणीसारखा लोखंडाचा जोड निघाला. बाई म्हणाल्या, आमच्या गाडीला ओरखडा पाडलात, आता घ्यावीच लागेल. मला तिथून चालत सुटावं लागलं, आणि या वयात मी किती वेगाने चालतो हे त्या बाईंनीही बघितलं.

तिसरी चांगली होती. मला वाटतं चांगली होती. तिची किंमत ऐकून मी तिला नीट बघितलंच नाही.

तीन दिवस मला झोप नाही. वाटतं, मी घेतलेली गाडी मध्येच मोडली तर? आणि नाहीच घेतली तर? भिंगरी अलीकडे घरात मोबाइलवर तुमच्या शाळेचे फोटो बघते. मी खोलीत गेलो की पालथा ठेवते.

तेव्हा गाडी तुम्ही शोधा. अटी अशा. पैसे मी पाठवतो तेवढ्यातच. कागद माझ्या नावावर. गाडी तुम्ही शोधली हे भिंगरीला कधीही कळता कामा नये. तुम्ही मुद्दाम खराब गाडी पाठवाल अशी मला भीती आहे, आणि ती मी तुमच्यापासून लपवत नाही.

व्याही

२७ जानेवारी

टेलरबुवा,

खराब गाडी पाठवून मी माझ्याच नातीचं हाड मोडीन, असं वाटणाऱ्या माणसाच्या हातात कात्री कुणी दिली, हा मला प्रश्न पडला आहे.

शोधतो. नाव येणार नाही. माप पाठवा. मातीतली गाडी नुसती इंजिनावर घेत नाहीत, पायांवर घेतात. पोरीला अनवाणी भिंतीला टेकून उभी करा आणि पायांच्या मधलं माप घ्या, टाचेपासून वरपर्यंत. ती बसली की गाडी स्प्रिंगवर खाली दबते, म्हणून सीट त्या मापापेक्षा तीन इंच उंच चालतं. त्याहून जास्त नाही. थांबल्यावर पायांचे पंजे टेकले पाहिजेत.

नीट घ्या. अंदाजाने नको.

नाना

१ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

चव्वेचाळीस वर्षं मी मापं घेतो आहे. या भागातल्या दोन शाळांचे गणवेश माझ्या हातून गेले. मला माप कसं घ्यावं हे गॅरेजवाल्याने शिकवावं, हे दिवस बघायला मी जगलो.

पायाचं माप तीस इंच. वहीतून उतरवून पाठवतो आहे. लिहून घ्या, ग्रीसच्या हाताने पुसू नका.

पैसे निघाले आहेत.

व्याही

९ फेब्रुवारी

टेलरबुवा,

तीस इंच. वाचून बरं वाटलं. दोन वर्षांत पोरगी बघायला मिळाली नाही, फोनवर आवाज तेवढा मोठा झालेला कळतो. आमच्या घराण्याची उंची आली तर. तिची आईही पंधराव्या वर्षी अशीच सरसरून वाढली होती. तुमच्या बाजूने येईल ही भीती मला होती, आता गेली.

गाडी मिळाली. एका डॉक्टरच्या मुलाची, सहा महिने चालवून कंटाळलेला. सीट तेहेतीस इंच. चक्राचे दात बोथट, फ्रेम अखंड, गार इंजिन दुसऱ्या लाथेला उठलं. पुढच्या शॉकची ऑइल सीलं मी नवी घातली, ब्रेक नवे घातले. हेल्मेट डोक्याच्या घेराप्रमाणे तुम्ही तिकडेच घ्या, ते जुनं घेऊ नका. त्याला पुरतील एवढे पैसे उरवले आहेत, टेम्पोवाल्याजवळ दिले. मोजून घ्या, नाहीतर झोप येणार नाही तुम्हाला.

सुरुवातीला गाडी उंच वाटेल. घाबरू नका. वजन पडलं की बसते.

नाना

२० फेब्रुवारी

व्याहीबुवा,

रविवारी भिंगरी पडली. उजव्या मनगटाच्या हाडाला चीर आहे, तीन आठवडे प्लास्टर.

मी तिथेच होतो. दगडावर बसून बघत होतो. ती उतारावर पडली नाही. वळणावर नाही, उंचवट्यावरून गाडी हवेत गेली तेव्हाही नाही. ती थांबताना पडली. सगळी पोरं एक पाय टेकून उभी राहिली. हिने पाय खाली सोडला आणि पायाखाली जमीनच नव्हती. मी पाय शोधताना बघितला तिचा. मग गाडी तिच्यासकट आडवी झाली.

गाडी आली त्याच दिवशी मला ती उंच वाटली होती. पण भिंगरीचं तोंड बघून मी बोललो नाही, आणि माझं तोंड बघून ती बोलली नाही. शिवाय तुमचं लेखी होतं, वजन पडलं की बसते. बसली नाही. पोरगी बसली खाली.

आता मला सगळं कळलं. उंच गाडी पाठवायची, पोरगी पाडायची, आणि मग म्हणायचं की बघा, म्हाताऱ्याला सांभाळता येत नाही. तुम्ही पोरीला घोड्यावर बसवलंत आणि खोगिराखाली काटा ठेवलात. मी तिच्या आईला फोनवर काय सांगू? ती विचारते, आबा, माझ्या लेकीला काय झालं? मी म्हटलं, तुझ्या बापाला विचार.

तुमचे सगळे उपकार फिटले. यापुढे पत्र नको.

२५ फेब्रुवारी

टेलरबुवा,

मुलीने मला विचारलं. म्हणून हे पत्र तुम्हाला घ्यावंच लागेल.

सोबत तुमचं एक तारखेचं पत्र परत पाठवतो आहे. "तीस" या आकड्याखाली लाल रेघ मारली आहे. तीस आणि तीन तेहेतीस. सीट तेहेतीस इंच आहे, तुमच्या टेपने मोजून बघा. पंजे टेकायलाच हवेत. नाही टेकले याचा अर्थ एकच आहे. माप खोटं आहे. चव्वेचाळीस वर्षांची मापं म्हणे.

घोड्याचं आणि काट्याचं मी विसरणार नाही. ज्या हाताने तिच्या आईला चालायला शिकवलं त्या हाताने मी तिला पाडीन?

मुलीशी बोललो आहे. चौदा मार्चला, प्लास्टर निघालं की मी येतो आहे. पोरीचे कपडे भरायला मोठी बॅग आणतो. राहिलेलं वर्ष ती इथे पुरं करेल. तुमच्याशी बोलायला येत नाही, तिला न्यायला येतो आहे. चहा टाकू नका.

नाना

२ मार्च

नाना,

डाव्या हाताने लिहितेय, म्हणजे अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं दिसेल. आबांना माहीत नाही. तुमची सगळी पत्रं ते बटणांच्या डब्यात ठेवतात आणि कपड्यांचे गठ्ठे घेऊन बाहेर गेले की मी वाचते. म्हणजे मला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. तसंही गाडीच्या चेनला तुमचं ते पिवळं ग्रीस होतं.

एक सांगायचं आहे आणि ते मी आधीच सांगायला हवं होतं. मी तुमच्या शाळेत येते म्हणाले होते ना, ते आबांनी गाडी घ्यावी म्हणून. आणखी काही नाही. आबा खोलीत आले की शाळेचे फोटोही मी मुद्दाम उघडायचे. मला वाटलं दोन दिवस घाबरतील आणि हो म्हणतील. त्यांनी मशिन विकलं. आणि आता तुम्ही दोघं ते खरं धरून भांडताय आणि मधे मी प्लास्टर घालून बसलेय.

दुसरं. आबांनी खोटं माप दिलेलं नाही. माझ्या सगळ्या पँटी पहिलीपासून दोन इंच लांब असतात, आत दुमडून शिवलेल्या. त्यांच्या वहीत माझं माप नेहमी मोठंच असतं. तुमची लाल रेघ आली तेव्हा त्यांनी वही काढून बघितली. मग बंद केली. मग पुन्हा बघितली. दोन दिवस ते जेवताना मीठ वाढायला विसरताहेत. मला वाटतं ते तुम्हाला सांगतील. नाही सांगितलं तरी त्यांना काही बोलू नका.

मी उंच नाही, नाना. मी आबांसारखी आहे. सॉरी.

चौदाला या. बॅग नका आणू.

भिंगरी

३ मार्च

व्याहीबुवा,

यापुढे पत्र नको असं मीच लिहिलं होतं. तरी लिहितो आहे.

तुमची लाल रेघ आली. आधी वाटलं, आकडा तुम्हीच खोडून दुसरा लिहिला असेल. भिंगातून बघितलं. खोडाखोड नव्हती. तीन माझा होता, त्याचं शेपूट मी काढतो तसंच लांब होतं.

मग वही काढली. भिंगरीच्या नावापुढे तीस लिहिलं आहे आणि बाजूला बारीक अक्षरात "वा". शाळेच्या पोरांच्या मापापुढे मी "वा" लिहितो. म्हणजे वाढ धरली आहे. आईबाप वर्षातून एकदा कपडे शिवतात आणि पोरं वर्षभर वाढतात. म्हणून लांबी दोन इंच जास्त धरायची, आत दुमडून हातशिलाई घालायची, पोर वाढलं की उसवायचं. हे मी ठरवून करत नाही. समोर दप्तर दिसलं की हात दोन मिळवतो आणि मगच लिहितो. मी टेपने घेतलं अठ्ठावीस, वहीत लिहिलं तीस, आणि तुमच्या पत्रात वहीतून उतरवलं. कपड्याला वाढ चालते. आत दुमडता येते. गाडीला दुमडता येत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल तिला दाराच्या चौकटीला उभी करून पुन्हा माप घेतलं. अठ्ठावीस.

म्हणजे तुमच्या घराण्याची उंची तिला आलेली नाही. माझी आली आहे. हे लिहायला मला बाकी सगळ्यापेक्षा जड गेलं. तुमचं ते नऊ तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला खटकलं होतं. रोज तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, ती किती उंच आहे ते माझ्या हाताला माहीत आहे. पण दोन वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी चांगलं लिहिलं होतंत, ते पुसायचं माझ्या जिवावर आलं. गप्प बसलो. ती पडली त्यातली अर्धी चूक हाताची आणि अर्धी तोंडाची. दोन्ही माझेच.

आता केलं ते सांगतो. गाडीचं सीट काढलं. चार बोल्ट होते, एक माझ्याकडून वाकला. खालच्या पिना चिमट्याने उपटल्या, कव्हर उतरवलं. पावाच्या लांब सुरीने फोम आडवा कापला. वरची गोलाई बिघडू नये म्हणून खालून कापला, दोन इंचांची सपाट लादी निघाली. सीट पुन्हा मोजलं, एकतीस. कव्हरचं जास्तीचं रेक्झिन कापलं नाही, चारी बाजूंनी आत दुमडून घेतलं. पुढे उसवता येईल. तीन सुया तुटल्या. लादी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

तुम्ही चौदाला येणार. या. मी अडवणार नाही. तिला इथे सुरक्षित ठेवता येत नाही असं तुम्हाला वाटलं तर ते बरोबरच आहे. एवढंच मागतो. न्यायच्या आधी एकदा तिला या गाडीवर बसलेली बघा. पंजे टेकतात की नाही ते बघा. मग न्या.

आणि घोड्याचं, काट्याचं लिहिलं ते मागे घेतो. ग्रीसचं घेत नाही. सीटच्या खालच्या बाजूला एवढं ग्रीस होतं की माझं एक चांगलं पांढरं कापड वाया गेलं.

व्याही

१८ मार्च

व्याहीबुवा,

तुम्ही सुखरूप पोचलात का, हे विचारायला लिहीत नाही.

तुम्ही आलात, चहा नको म्हणालात, दोन कप प्यालात. मैदानावर मी दगडावर पंचा अंथरला तर त्यावर न बसता उभे राहिलात. सीटवर अंगठे दाबून बघितलंत, शिवणीवरून नख ओढलंत. मी टाकलेल्या शिवणीवर नख. काही निघालं नाही, तरी चांगली आहे असं तुमच्या तोंडातून आलं नाही.

मग भिंगरी बसली. दोन्ही पंजे टेकले. मी तुमच्याकडे बघत होतो, तुम्ही तिच्या पायांकडे. नंतर तिने मनगटाला पट्टा बांधून सहा फेऱ्या मारल्या आणि आपल्यापुढे येऊन थांबली, एक पाय टेकून, तोंडावर धूळ. तुम्ही विचारलंत, "कपडे भरायचे का?" मी दगडावरच्या पंच्याची घडी घालायला लागलो.

ती म्हणाली, "नाना, मी उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. गाडी घेऊन. आबांनाही आणते, ते टेम्पोत पुढे बसतील." मला कुणी विचारलं नाही. तुम्हालाही नाही.

तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि घरी येऊन रिकामी बॅग उचलून बस पकडायला निघून गेलात. वळूनही बघितलं नाहीत. मला वाटलं, दुखावलात. रात्रभर तेच डोक्यात. हे पत्र खरं तर त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

पण आज सकाळी कपाट उघडलं. चादर आहे, घडी घातलेली. फोमची लादी नाही.

मी भिंगरीला विचारलं, ती हसायला लागली आणि सांगायला तयार नाही. मी हात धुवायला गेलो होतो तेवढ्यात तुम्ही खोलीत होतात. आयुष्यात मी बरीच गिऱ्हाइकं बघितली. कापड चोरणारी बघितली, बटणं चोरणारी बघितली. कापून काढलेला फोम चोरणारा व्याही पहिलाच. ती दोन इंच वाढली की मला तो परत आत घालायचा आहे. आणि पंधराव्या वर्षानंतर मुली फारशा वाढत नाहीत असंही म्हणतात, तीही एक काळजी आहेच. ताबडतोब पाठवा.

व्याही

२४ मार्च

टेलरबुवा,

बॅग रिकामी न्यायची मला सवय नाही.

तुमचं तीन तारखेचं पत्र यायच्या आदल्या दिवशी मला दुसरं एक पत्र आलं होतं. कुणाचं ते विचारू नका, मी सांगणार नाही. अठ्ठावीस मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही स्वतः कबूल करता की नाही, एवढंच बघायचं राहिलं होतं. केलं नसतंत तर बॅग भरून नेली असती, सांगून ठेवतो.

शिवण बरी आहे. कोपऱ्यात एक टाका तिरका गेला आहे. वाकलेल्या बोल्टच्या जागी नवा पाठवतो, तो हाताने घाला, हातोडीने नको. पंधरा दिवसांनी इंजिन ऑइल बदला. एअर फिल्टर दर रविवारी धुवा, खाणीतली धूळ वाईट असते. पोरीने नाव घातलं हे तिच्याकडून कळलं, तुमच्याकडून कळायला हवं होतं.

फोम माझ्याकडे सुरक्षित आहे. सध्या गॅरेजातल्या खुर्चीवर टाकून बसतो, कंबरेला बरा पडतो. पाठवणार नाही. पोरगी दोन इंच वाढली की लागेल. नाही वाढली तर मी बसतोच आहे.

सुट्टीत तिला घेऊन या. माप मी घेईन. येताना तुमचा टेप आणा, माझा पत्र्याचा आहे, पोरीला गार लागेल.

वही आणू नका.

नाना